पंचेचाळिसाव्या दिवशी फोन वाजला नाही

द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात धरत असतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत घड किती निघणार, याचा बराचसा निकाल तेव्हाच लागून जातो. म्हणून त्या दिवसांत पाचव्या पानाचे देठ काढून तपासतात. वेलीला पोटॅश कमी पडतंय का, सोडियम वाढतंय का, हे त्यावरून कळतं आणि दुरुस्तीला वेळ हातात राहतो. पंधरा दिवस उशीर झाला, की रिपोर्ट कितीही अचूक असला तरी त्या हंगामापुरता तो कागदच.

नाशिकला पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला आमची माती, पाणी आणि देठ तपासायची छोटी लॅब आहे. मी, माझे मिस्टर आणि मदतीला दोन मुली. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा म्हणजे आमच्याकडे फोन खाली ठेवायला फुरसत नसते. ‘ताई, देठ आज काढू का उद्या?’, ‘पान घडासमोरचं घ्यायचं का पाचवं?’, ‘प्लॅस्टिकच्या पिशवीत चालंल का?’ असे प्रश्न दिवसभर. २०२४ च्या मे महिन्यात हे फोन आलेच नाहीत. जुने, ओळखीचे बागायतदार आले. नवीन माणूस एकही नाही.

आधी वाटलं, २०२३ चा पाऊस कमी झालेला, विहिरींना पाणी नाही, लोक तपासणीवर पैसे कशाला घालतील. मग एका दुपारी निफाडकडच्या एका दादांचा फोन आला. ते म्हणाले, “ताई, तुमचा तो देठाचा लेख कुठं गेला हो? पाहुण्यांना पाठवायचा होता. जुनी लिंक दाबली की तुमचं पहिलंच पान उघडतंय.”

फोन ठेवला आणि मी माझ्याच मोबाइलवर ‘द्राक्ष देठ तपासणी कशी करावी’ असं शोधलं. ज्या शब्दांवर आम्ही वर्षानुवर्षं पहिल्या दोन-तीन निकालांत असायचो, तिथे तिसऱ्या पानापर्यंत आमचं नाव नव्हतं.

हे लेख मी २०१६ पासून लिहीत आले. दिवसभर लॅब, रात्री मुलं झोपल्यावर लेख. चुनखडीच्या जमिनीत लोह का लागत नाही, बोअरच्या पाण्याचा क्षारांश किती वाढला की ड्रिपरची तोंडं बुजतात, घड जिरतात, म्हणजे निघालेले घड वाढण्याआधीच नाहीसे होतात, तेव्हा नेमकं काय होतं. शेतकरी लॅबमध्ये येऊन ज्या शब्दांत विचारायचे, तेच शब्द मी मथळ्यात घालत गेले. त्या वेळी सर्च रँकिंग वगैरे काही डोक्यात नव्हतं. ‘घड जिरणे’ हा शब्द मी वापरला, कारण ‘पुष्पगुच्छाची गळ’ असं बागेत कोणी म्हणत नाही. आमची साइट वर राहिली ती याच कारणाने, हे नंतर कळलं.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही साइट नवीन करून घेतली. कारण होतं ॲप. रिपोर्ट मोबाइलवर मिळावा, फवारणीची डायरी फोनमध्येच ठेवता यावी, असं बरेच बागायतदार म्हणत होते. ज्यांना काम दिलं त्यांनी सांगितलं, की आधी साइट नव्या पद्धतीने बांधू, मग तोच सांगाडा ॲपला वापरू. लेख हळूहळू ॲपमध्ये हलवू, म्हणजे लोकांना ॲप घ्यावंच लागेल. हे शेवटचं वाक्य मला तेव्हाच खटकलं होतं. मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. कंपनीचं नाव इथे नको. प्रश्न माणसांचा नव्हता, कामाच्या क्रमाचा होता.

नेमकं काय बिघडलंय हे शोधायला मला जवळजवळ दोन आठवडे लागले. हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण आपल्या भाषेत तो मला कुठेच नीट मिळाला नव्हता.

सुरुवात गुगलच्या सर्च कन्सोलपासून केली. हे साधन फुकट आहे. आपली साइट कोणत्या शोधांवर दिसली, किती जणांनी दाबली, कितव्या क्रमांकावर होती, हे ते सांगतं आणि मागच्या १६ महिन्यांचा हिशेब ठेवतं. ते उघडायला गेले तर मालकीच माझ्याकडे नव्हती, कंपनीच्या खात्यावर होती. डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं नूतनीकरण मात्र दरवर्षी मिस्टर स्वतः करायचे. त्यामुळे डोमेनच्या नोंदीत एक ओळ टाकून मालकी सिद्ध करता आली आणि जुना सगळा डेटा समोर आला. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असतं तर मी इथेच अडकले असते.

तुलना करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागली. आमचा धंदा हंगामी आहे. मागच्या महिन्याशी ताडून बघितलं तर वर्षभर कधी चढ, कधी उतार दिसणारच. छाटणीच्या दिवसाशी दिवस जुळवायला हवा. म्हणून मी मे २०२४ ची तुलना मे २०२३ शी केली. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या अर्ली, म्हणजे लवकर छाटणी होणाऱ्या बागांचे शोध वेगळे काढले, कारण त्यांचं वेळापत्रकच निराळं. मग चित्र स्वच्छ दिसलं. घसरण मे महिन्यातली नव्हतीच. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे नवीन साइट चढवली त्याच दिवसांपासून आलेख खाली सरकायला लागला होता. एप्रिलपर्यंत तो जमिनीला टेकला. त्या काळात देठाबद्दल कोणी शोधत नव्हतं, म्हणून आम्हाला जाणवलं नाही.

चुका तीन निघाल्या.

पहिली, निफाडच्या दादांनी पकडली तीच. जुन्या लेखांचे पत्ते बदलले होते आणि जुना कुठलाही पत्ता उघडला तरी माणूस थेट मुख्य पानावर जायचा. बघायला हे ठीक वाटतं, निदान ‘पान सापडलं नाही’ असं तरी येत नाही. पण देठाबद्दल विचारणाऱ्याला मुख्य पान दाखवणं म्हणजे उत्तर न देणं, आणि गुगलही अशा पत्त्याला हरवलेलं पानच समजतं. आठ वर्षांत त्या लेखाला जी पत मिळाली होती, लोकांनी ज्या लिंक दिल्या होत्या, त्या सगळ्या हवेत गेल्या. बरोबर रीत अशी, की प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे कायमचा रिडायरेक्ट द्यायचा. त्याला ३०१ म्हणतात. तो किमान वर्षभर ठेवा, असं गुगल सांगतं. मी तो कधीच काढणार नाही, कारण व्हॉट्सॲपच्या जुन्या ग्रुपांत पडलेल्या लिंक दहा वर्षांनीही कोणीतरी उघडतं.

दुसरी चूक एका ओळीची होती. साइट चाचणीत असताना ती शोधात येऊ नये म्हणून ‘नोइंडेक्स’ अशी खूण घालतात. चाचणी संपली, मुख्य पानावरची खूण काढली गेली, लेखांच्या साच्यात ती तशीच राहिली. म्हणजे प्रत्येक लेख स्वतःच गुगलला सांगत होता, मला यादीत घेऊ नका. सर्च कन्सोलमध्ये एकेक पत्ता तपासायची सोय आहे. तिथे हे स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचलं तेव्हा मी काही वेळ नुसती बसून राहिले.

तिसरी चूक समजायला अवघड गेली. नवीन साइट ॲपसारखी बांधली होती. आधी रिकामं पान यायचं आणि मजकूर नंतर जावास्क्रिप्टने भरला जायचा. गुगलचा बॉट, म्हणजे साइटची पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्राम, जावास्क्रिप्ट चालवतो, पण ते काम नंतरच्या रांगेत जातं. शिवाय सुरुवातीच्या पानातच नोइंडेक्स दिसलं, तर तो पुढचं चालवायची तसदी घेईलच असं नाही. त्यात लेखांच्या यादीत खऱ्या लिंक नव्हत्या, दाबायची बटणं होती. बॉट बटण दाबत नाही. तो पत्ता लिहिलेली लिंकच धरून पुढे जातो. त्यामुळे साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची गुगलला दिलेली यादी, नसता तर आमचे लेख आहेत हेच त्याला कळलं नसतं.

दुरुस्तीसाठी मी जुन्या पत्त्यांची यादी करायला घेतली. सर्च कन्सोलमधून काही मिळाले, जुन्या होस्टिंगच्या बॅकअपमधून काही, राहिलेले इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, जिथे साइटच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात, सापडले. एकूण १३७. एक्सेलमध्ये डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. देवनागरीतले पत्ते इथे फार त्रास देतात. आपल्याला पत्त्यात ‘देठ’ दिसतं, पण कॉपी केलं की एकेका अक्षराच्या जागी टक्केचिन्हं धरून नऊ-नऊ चिन्हांची माळ येते, आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते. पाच शब्दांचा मथळा अडीच ओळी खातो. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होताना अशी माळ मध्येच तुटलेलीही मी पाहिली. नवीन लेखांना मी आता छोटे, रोमन लिपीतले पत्ते देते. मथळा आणि मजकूर देवनागरीत असतो आणि शोधाला तेवढं पुरतं. आधीच्या लेखांचे देवनागरी पत्ते मात्र पुन्हा बदलले नाहीत. चालू पत्ता मोडायचा नाही, हे तोवर हाडात मुरलं होतं.

तीन रात्री हे काम मी एकटीने केलं. चौथ्या रात्री धाकटी लेक जवळ येऊन बसली आणि एकेक ओळ वाचून मला जुळवाजुळव करून देऊ लागली. इयत्ता सहावी. ‘आई, हा भुरीचा लेख भुरीलाच जोडलाय ना?’ असं विचारायची. एक चूक तिनेच पकडली.

त्याच दिवसांत रोज एक तरी फोन यायचा, महिन्यात पहिल्या क्रमांकावर आणून देतो, गॅरंटी. कोणीही पहिल्या क्रमांकाची हमी देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलनेच लिहून ठेवलंय. विकत घेतलेल्या लिंकही त्यांच्या नियमांत बसत नाहीत. मी घाबरलेली होते आणि घाबरलेल्या माणसाला असे फोन बरे वाटतात, हे खरं. मिस्टरांनी एकच विचारलं, “बागेत एका रात्रीत साखर भरतो म्हणणाऱ्याला आपण काय सांगतो?” मी नंबर ब्लॉक केला.

वेगाचं काम मधल्या काळात उरकलं. मुख्य पानावरचा द्राक्षांचा फिरता व्हिडिओ काढला. सुंदर होता, पण दिंडोरीच्या पुढे वणीकडे गेलं की तो उघडेपर्यंत माणूस निघून जायचा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची अपेक्षा असते. मार्च २०२४ पासून, बोट टेकवल्यावर पान किती लवकर प्रतिसाद देतं, हेही मोजलं जातं आणि तिथे २०० मिलिसेकंदांची रेघ आहे. आमचा सगळ्यात मोठा बोजा निघाला तो देखण्या मराठी फॉन्टचा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते. अँड्रॉइडमध्ये मुळातच चांगलं देवनागरी अक्षर असतं. आम्ही तेच वापरलं आणि पान हलकं झालं.

मग वाट बघणं. या टप्प्याबद्दल लिहायला फारसं काही नाही. साइटमॅप पुन्हा दिला, महत्त्वाचे पत्ते रोज थोडेथोडे तपासायला घातले. जुलैत पहिले लेख परतले. ऑगस्टअखेर देठाचा लेख पहिल्या पानावर आला, पण पूर्वीच्या जागी नाही. काही लेख आजतागायत वर आलेले नाहीत.

त्या वाट बघण्यात एक चांगलं झालं. मी माझे सगळे जुने लेख पुन्हा वाचले. लाज वाटावी असं काही नव्हतं, पण काळजी वाटावी असं होतं. २०१७ च्या एका लेखात मी एका बुरशीनाशकाचा उल्लेख असा केला होता, की आज निर्यातीची बाग असलेल्या माणसाने तो वाचून फवारलं असतं तर फळात राहणाऱ्या औषधाच्या उर्वरित अंशांत अडकला असता. निर्यातीसाठी कोणती औषधं चालतात याची यादी बदलत राहते, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचा काढणीपूर्व कालावधी बदलतो. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशी सुधारत असतं. माझा लेख सात वर्षं तसाच उभा होता आणि वरच्या क्रमांकावर होता. चुकीचा लेख वर असणं हे लेख नसण्यापेक्षा वाईट. त्यानंतर मी औषधांची नावं लेखांतून काढली, माझ्या अभ्यासाचा विषय तेवढा ठेवला आणि प्रत्येक लेखावर शेवटचा आढावा कधी घेतला ती तारीख घातली. तारीख नुसती बदलायची नाही, लेख खरोखर वाचून मगच. वर्षातून दोनदा, छाटणीच्या महिनाभर आधी, आम्ही हे आता बागेच्या कामासारखं करतो. सारखेच विषय असलेले तीन-तीन लेख एकत्र केले. साइट लहान झाली आणि बरी झाली.

आता ॲपची गोष्ट.

पहिल्या कंपनीचं काम थांबवल्यावर मी तिघांकडून तीन प्रस्ताव घेतले. एक गंगापूर रोडवरचा, एक पुण्याचा आणि एक इंदिरानगरला घरून काम करणारा मुलगा. तिघांनी तीन वाटा सांगितल्या. पुण्याच्यांनी नेटिव्ह सांगितलं, म्हणजे अँड्रॉइडसाठी कोटलिनमध्ये वेगळं आणि आयफोनसाठी स्विफ्टमध्ये वेगळं. फोनची सगळी ताकद वापरता येते, पण दोन ॲप, दोन हात, दोन खर्च. गंगापूर रोडवाल्यांनी फ्लटर सांगितलं. ते गुगलचं आहे, डार्ट भाषेत एकदाच लिहायचं आणि दोन्ही फोनांवर चालवायचं. फेसबुकने २०१५ साली खुलं केलेलं रिॲक्ट नेटिव्ह हाही तसाच पर्याय. इंदिरानगरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, ॲप करूच नका अजून. आहे त्या साइटलाच पीडब्ल्यूए करा.” म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब ॲप: साइटच होमस्क्रीनवर ठेवता येते, सर्व्हिस वर्कर नावाचा भाग काही पानं फोनमध्ये साठवतो आणि नेट नसतानाही ती उघडतात. प्ले स्टोअरची गरज नाही.

तिघांचंही पटत होतं, म्हणून निवड होईना. शेवटी मी कागद बाजूला ठेवला आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या काकांच्या बागेत गेले. बरोबर तीन फोन: काकांचा चार वर्षं जुना, त्यांच्या पुतण्याचा नवा आणि माझा. मंडपाखाली उभं राहिलं की काकांच्या फोनला रेंज नाही. फवारणी करून आलेला माणूस, हात ओले, बोटांना औषधाचा वास, उन्हात स्क्रीन दिसत नाही. काकांचा फोन भरलेला, फोटो काढायला गेलं की ‘जागा नाही’ असा संदेश. त्यांनी सहज सांगितलं, “पोरगं दर महिन्याला दोन-तीन ॲप उडवतंय जागा करायला.” म्हणजे जड ॲप आधी उडणार. रिपोर्टबद्दल विचारलं तर म्हणाले, “तो व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा की. त्याला ॲप कशाला?”

त्या एका दुपारने माझ्या यादीतल्या अकरा सोयींपैकी नऊ गेल्या. उरल्या दोन: नमुन्याची नोंदणी आणि फवारणीची डायरी. नेट नसताना चालायला हवी अशी फक्त डायरी. म्हणून इंदिरानगरच्या मुलाचं ऐकलं आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी पीडब्ल्यूए सुरू केलं. लेखांची साइट आता पुन्हा सरळ पानांची होती, सर्व्हरवरून मजकूर भरूनच यायचा. डायरी तिच्या एका कोपऱ्यात. खर्च थोडा, वजन थोडं.

डिसेंबरमध्ये जे झालं ते मला अजून लागतं. निफाडकडचे एक बागायतदार, पहिल्यांदाच निर्यातीची नोंदणी केलेले. त्यांच्या फोनमधल्या बावीस दिवसांच्या फवारणीच्या नोंदी गेल्या. फोन मंद झाला म्हणून घरातल्या कोणीतरी क्रोमचा सगळा डेटा साफ केला होता. पीडब्ल्यूएच्या नोंदी ब्राउझरच्याच साठ्यात राहतात. ब्राउझरने स्वतःहून त्या काढू नयेत अशी विनंती करता येते आणि ती आम्ही केली होती, पण माणसाने हाताने साफ केलं तर काही उपाय नाही. नेट मिळताच नोंदी आमच्याकडे याव्यात अशी सोय होती, पण त्यासाठी नेटमध्ये असताना पान उघडायला हवं होतं. ते नोंद बागेतच करायचे आणि घरी उघडायचे नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. औषधांच्या दुकानाची बिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनींनी केलेल्या खुणा आणि मजुरांच्या हजेरीची वही, यांवरून आम्ही दिवसभर बसून बावीसपैकी एकोणीस दिवस जुळवले. उरलेले तीन कोरे ठेवले, अंदाजाने भरले नाहीत. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. निघताना वहिनींनी पिशवीत तांदूळ घातले. गाडीत बसल्यावर मला रडू आलं.

फ्लटरचा निर्णय तिथे झाला. ॲपमध्ये ठेवलेल्या नोंदीही ॲप काढून टाकलं की जातात, हे मला माहीत होतं. म्हणून साठा कुठे राहतो यापेक्षा नोंद आमच्यापर्यंत किती लवकर पोहोचते, हे मोठं. खऱ्या ॲपला अँड्रॉइडमध्ये ठरावीक वेळाने, न उघडताही, मागच्या मागे नोंदी पाठवता येतात. काही फोन बॅटरी वाचवायला हेही काम थांबवतात. म्हणून पहिल्याच स्क्रीनवर लाल अक्षरांत ठेवलं: ‘न पाठवलेल्या नोंदी’ आणि आकडा. शून्य झाला की हिरवा. बाकी रंगसंगतीचं कोणी कौतुक केलं नाही, पण त्या आकड्यावर घराघरांत बोलणं होतं. ‘दादा, पाच दिसतंय, वाय-फायला लाव’ असं सुना सांगतात.

नेटिव्ह का नाही? आमच्या डायरीला फोनची खास ताकद लागत नाही. फॉर्म, फोटो, साठवण, पाठवण, इतकंच. आणि ॲप एकदा करून संपत नाही. प्ले स्टोअर दरवर्षी नव्या अँड्रॉइडला धरून ॲप अद्ययावत करायला लावतं, नाहीतर सुधारणा चढवता येत नाहीत. हे दोनदा करायची आमची ऐपत नाही. रिॲक्ट नेटिव्ह घेतलं नाही, कारण इंदिरानगरच्या त्या मुलाला फ्लटर येतं आणि तो अर्ध्या तासात लॅबमध्ये येऊन बसू शकतो. माझ्या मते छोट्या धंद्याने हेच कारण सगळ्यांत वर धरावं. आयफोनचं ॲप आम्ही केलं नाही. ॲपलच्या खात्याला दरवर्षी ९९ डॉलर लागतात आणि आमचे आयफोनवाले म्हणजे बहुतेक पुण्याला नोकरी करणारी मुलं, जी वडिलांची डायरी फक्त बघतात. त्यांना साइटवर ती दिसते.

प्ले स्टोअरचं खातं मी माझ्या नावावर उघडलं, एकदाच २५ डॉलर भरून. वैयक्तिक नव्या खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा २० होता. बारा बागायतदार जमवणं सोपं, पण प्रत्येकाचा ईमेल पत्ता हवा होता. अर्ध्याजणांना तो माहीतच नव्हता. मोबाइलच्या दुकानदाराने फोन देताना बनवून दिलेला. मग प्ले स्टोअर उघडायला सांगून वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवायचं आणि दिसेल ते वाचून घ्यायचं. सहाव्या दिवशी एकाने फोन बदलला आणि तो चाचणीतून बाहेर पडला. तेरावा गडी आधीच घेऊन ठेवला होता म्हणून दिवस वाया गेले नाहीत. ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली, स्टोअरचं खातं, डोमेन, सर्च कन्सोल, सगळ्यांची नोंद आता लॅबच्या कपाटातल्या एका वहीत आहे.

लेख मात्र एकही ॲपमध्ये गेला नाही. ॲपच्या पोटात काय लिहिलंय ते गुगलच्या शोधाला वाचता येत नाही. आणि जो माणूस आम्हाला ओळखतच नाही, तो रात्री अकरा वाजता ‘घड जिरतात काय करू’ असं फोनला विचारतो, तेव्हा त्याच्यासमोर ॲप घ्यायची अट ठेवायची माझी तयारी नाही. लेखावर पूर्ण स्क्रीन झाकणारी जाहिरातही नाही. मोबाइलवर अशी आडवी येणारी पानं गुगल २०१७ पासून खाली ढकलू शकतं, पण तसं नसतं तरी मी ती लावली नसती. लेखाच्या तळाशी एक पट्टी आहे: फवारणीची नोंद ठेवायची असेल तर इथे.

यंदाच्या मेमध्ये एका दुपारी एसटीच्या पार्सलने एक खोकं आलं. पाठवणाऱ्या ताई सटाण्याकडच्या, आमची ओळख नाही. आत कागदी पिशव्या, प्लॅस्टिक नाही. पिशव्यांना श्वास घ्यायला भोकं पाडलेली. पान वेगळं करून फक्त देठ भरलेले, प्रत्येक पिशवीवर प्लॉट, वाण, छाटणीची तारीख आणि पेनाने लिहिलेलं: ‘पाचवं पान, दिवस ४३ वा.’ मी पिशव्या मोजल्या, वजन घेतलं आणि ओव्हन लावला.